बखर आणि अस्सल कागद

सिंगापूरच्या वायव्य भागात बुकित पंजांग नावाची वस्ती आहे. मलय भाषेत या नावाचा अर्थ ‘लांब टेकडी’. मी गेली तीन वर्षं इथल्या एका एचडीबी इमारतीत, अकराव्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत राहते. सकाळी डाउनटाउन लाइनने बोटॅनिक गार्डन्सला जायचं, तिथे सर्कल लाइन पकडायची आणि विद्यापीठ गाठायचं, हा रोजचा क्रम. घरी फोन केला की आत्या न चुकता विचारते, “अगं, पीएचडी झाली ना तुझी? मग अजून काय शिकतेस?” पोस्टडॉक म्हणजे काय हे मी तिला अनेकदा सांगून पाहिलंय. सध्या एवढंच सांगते, की संगणकांची राखण करणाऱ्या यंत्राला आठवण कशी द्यायची, यावर मी काम करते. त्यावर ती म्हणते, “संगणकाला कसली आलीय आठवण द्यायची? त्यात तर सगळं साठलेलंच असतं!”

आत्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि तुमच्यापैकी आयटीत नसलेल्यांच्या मनातही तो येईल. म्हणून त्याचंच उत्तर सविस्तर देते.

आधी एजंट म्हणजे काय ते पाहू. चॅटबॉटला तुम्ही प्रश्न विचारता आणि तो उत्तर देऊन थांबतो. एजंटच्या हातात मात्र हत्यारंही दिलेली असतात. तो सर्व्हरवर आज्ञा चालवू शकतो, लॉग वाचू शकतो, बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करू शकतो, फाइली हलवू किंवा पुसू शकतो. बँका, इस्पितळं, विद्यापीठं यांच्याकडे शेकडो-हजारो यंत्रं असतात. रात्री दोन वाजता धोक्याची सूचना आली की कुणाला तरी उठून बघावं लागतं. ते पहिलं बघण्याचं काम एजंटने करावं, असे प्रयत्न आता सगळीकडे चालू आहेत.

अडचण अशी, की एजंटच्या आतलं भाषा-मॉडेल रोज नव्याने रुजू होणाऱ्या हुशार इंजिनिअरसारखं असतं. पुस्तकी ज्ञान भरपूर, पण तुमच्या तिसऱ्या रॅकमधला स्विच गेल्या दिवाळीत का बदलला, हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक प्रसंग त्याच्यासाठी पहिलाच. आपण त्याच्यासमोर जेवढा मजकूर ठेवू तेवढंच त्याचं त्या वेळचं जग. या मजकुराच्या मर्यादेला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात.

मग सगळंच समोर ठेवावं, नाही का? अलीकडच्या मॉडेलांच्या खिडक्या खूप मोठ्या झाल्यात हे खरं. पण २०२३मध्ये ‘लॉस्ट इन द मिडल’ या नावाने एक निबंध आला. मजकूर लांबला की सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल नीट वापरतात, मधली मात्र बऱ्याचदा निसटते, असं त्यात दिसलं. त्यात एका मध्यम आकाराच्या संस्थेच्या एका दिवसाच्या लॉगच्याही लाखो ओळी होतात. तेव्हा निवड करावीच लागते. कुठल्या वेळी काय आठवावं, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण मी रोज ज्या सर्कल लाइनने जाते तिच्यावरच घडलेलं आहे. तेव्हा एजंट नव्हते. माणसांनीच ते कोडं सोडवलं.

२०१६च्या ऑगस्टअखेर सर्कल लाइनवरच्या गाड्या मधूनच थांबू लागल्या. गाडी आणि मार्गावरची यंत्रणा यांच्यातला सिग्नल तुटायचा आणि सुरक्षिततेसाठी आपत्कालीन ब्रेक आपोआप लागायचे. काही दिवसांनी प्रकार थांबला, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाला. कारण सापडेना, तेव्हा सरकारच्या गव्हटेक या संस्थेतल्या डेटा सायंटिस्टांच्या हाती नोंदी देण्यात आल्या. प्रत्येक नोंदीत वेळ, ठिकाण, थांबलेल्या गाडीचा क्रमांक आणि तिची दिशा. त्यांनी या गोष्टी सुट्या सुट्या तपासल्या. ठरावीक वेळ दिसेना, ठरावीक स्टेशन दिसेना, एखादी ठरावीक गाडीही दिसेना.

मग त्यांनी वेळ आणि ठिकाण एकाच आलेखावर मांडलं. रेल्वेच्या वेळापत्रकांसाठी एकोणिसाव्या शतकापासून वापरात असलेला मारे आलेख त्यांनी घेतला. त्यावर घटनांचे ठिपके तिरप्या रेषांत पडलेले दिसले. म्हणजे काहीतरी मार्गावरून पुढे पुढे सरकत होतं आणि एकामागून एक गाड्या थांबवत होतं. ते सरकणं थांबलेल्या गाड्यांच्या उलट दिशेने होतं. याचा अर्थ, समोरच्या रुळावरून जाणारी एखादी गाडी शेजारून जाता जाता इतरांचे सिग्नल बिघडवत होती. स्टेशनांवरच्या व्हिडिओ नोंदी पाहून ती गाडी ओळखली गेली. तिचा क्रमांक पीव्ही ४६. तिच्यावरच्या सिग्नल यंत्रणेत बिघाड होता.

आता यातली गंमत बघा. गुन्हेगार गाडी नोंदींत कुठेच नव्हती, कारण तिला स्वतःला काही होतच नव्हतं. ‘पूर्वी ब्रेक लागलेल्या गाड्या आठव’ असं कुणी यंत्राला सांगितलं असतं, तर त्याने प्रामाणिकपणे सगळ्या आठवल्या असत्या आणि पीव्ही ४६ तेवढी वगळली असती. उत्तर मिळालं ते ‘त्या क्षणी शेजारून कोण जात होतं?’ या प्रश्नामुळे.

संगणकांच्या देखभालीत हे सतत घडतं. १४ ऑक्टोबर २०२३ला सिंगापूरमध्ये डीबीएस आणि सिटीबँक या दोन बँकांच्या सेवा काही तास कोलमडल्या. पेमेंट आणि एटीएमचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता. त्यांची यंत्रं ज्या डेटा सेंटरमध्ये होती, तिथे काम चालू असताना थंड पाण्याच्या टाक्यांच्या झडपा चुकून बंद झाल्या आणि तापमान वाढलं. सर्व्हरची आठवण कितीही चांगली असली, तरी हा सर्व्हर त्या पाण्यावर जगतो हे त्यात लिहिलेलं नसेल, तर ती आठवण अशा वेळी काय कामाची?

म्हणून एजंटला तीन प्रकारची आठवण लागते असं आम्ही धरतो. मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी १९७२मध्ये माणसाच्या स्मृतीत एक फरक दाखवला होता. आपल्याबाबत घडलेल्या प्रसंगांची आठवण वेगळी आणि जगाविषयीची सर्वसाधारण माहिती वेगळी. एजंटवाल्यांनी तो उसना घेतला आणि त्यात कामाच्या रीतीची भर घातली. थोडक्यात घटना, माहिती आणि रीत. गेल्या मंगळवारी काय झालं ही घटना, कुठलं यंत्र कशावर अवलंबून आहे ही माहिती, आणि अशा वेळी कुठल्या क्रमाने तपासायचं ही रीत.

यातलं नेमकं काय बाहेर काढायचं, याची एक पद्धत २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवली. त्यांनी संगणकात एक गाव उभं केलं, त्यात २५ काल्पनिक पात्रं वसवली आणि प्रत्येकाला आठवणींची वही दिली. आठवण किती ताजी, किती महत्त्वाची आणि समोरच्या प्रसंगाशी किती जुळणारी, या तीन मापांवर गुण देऊन ती निवडली जाई. गावगप्पांसाठी हे झकास चालतं. सर्व्हरच्या बाबतीत मात्र ताजेपणाचं माप दगा देऊ शकतं. समजा, एखाद्या सेवेचं सुरक्षा प्रमाणपत्र वर्षातून एकदा संपतं आणि त्या दिवशी सगळं ठप्प होतं. मागच्या वेळची आठवण तेव्हा बरोबर एक वर्ष जुनी असते, म्हणजे तिला ताजेपणाचे गुण जवळजवळ शून्य. आणि नेमकी तीच हवी असते.

आता आमच्याकडचं एक साधं उदाहरण देते. रात्री सूचना येते की साठवणीची जागा ९२ टक्के भरली. स्मरण नसलेला एजंट शोधाशोध करतो. त्याला ‘जुनं-तात्पुरतं’ नावाचा, चौदा महिन्यांत कुणी न उघडलेला भलामोठा फोल्डर सापडतो. तो म्हणतो, पुसून टाकू. स्मरण असलेल्या एजंटला आठ महिन्यांपूर्वीची नोंद सापडते: ‘हा फोल्डर पुसू नये.’ तो थांबतो. हे आधीपेक्षा बरं. पण हीच नोंद कुणी अशी लिहिली असती तर? ‘एका निबंधाची मूळ मोजमापं यात आहेत. निबंध परीक्षकांकडे आहे. तो छापून आला आणि मोजमापं संग्रहात गेली की पुसायला हरकत नाही.’ मग तो एजंट आधी निबंधाचं काय झालं ते पाहील, संग्रहात प्रत आहे का ते पाहील आणि माणसाला नेमका एक प्रश्न विचारेल. तीनही वेळा मॉडेल तेच. फरक फक्त नोंदीत ‘का’ आणि ‘कुठवर’ लिहिण्याचा.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गोची पुढे आहे, आणि ती मला समजली आपल्या इतिहासकारांमुळे.

नोंदी साठत जातात, जागा आणि खर्च वाढतो, म्हणून एजंटच जुन्या नोंदींचा सारांश करून ठेवतो. आमच्या चाचणीत एकदा साठवणीचा सर्व्हर मंदावला. एजंटने नेटवर्कचा स्विच रीस्टार्ट केला आणि सर्व्हर पूर्ववत झाला. हजारो ओळींच्या लॉगचा सारांश झाला: ‘सर्व्हर मंदावला होता, स्विच रीस्टार्ट केल्यावर ठीक झाला.’ पुढच्या वेळी त्याला हीच आठवण मिळाली, त्याने तेच केलं, पुन्हा ठीक झालं. तिसऱ्या खेपेनंतर वहीत नियमच बसला: ‘सर्व्हर मंदावला की स्विच रीस्टार्ट करावा.’ मूळ लॉग काढून पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं. रात्रीचा बॅकअप चालू असताना सर्व्हर मंदावत होता आणि बॅकअप संपल्यावर आपोआप सुधारत होता. पहिल्या वेळी तर स्विचला हात लागण्याच्या दोन मिनिटं आधीच तो सुधारला होता. म्हणजे रीस्टार्टचा काही संबंध नव्हता. उलट प्रत्येक वेळी बाकीच्यांचं काम मात्र तुटत होतं.

हे पाहिलं आणि मला बखरी आठवल्या. शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत, राजाराम महाराजांच्या काळात, त्याच दरबारातल्या माणसाने लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. वाचायला दोन्ही रसाळ. पण जसजसं अंतर वाढतं तसतशी गोष्ट गुळगुळीत होते, मधल्या शंका गळून पडतात, आणि ‘असं झालं म्हणून तसं झालं’ एवढंच उरतं. वि. का. राजवाडे यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं होती. बखरी तपासायच्या त्या अशा समकालीन पत्रांवर, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी ते गावोगावी दप्तरं धुंडाळत फिरले.

बखर फेकून द्यावी असं यातून निघत नाही. बखरीशिवाय घटनांचा धागाच लागणार नाही. एजंटलाही सारांश लागतोच, रात्री दोन वाजता तो हजारो ओळी वाचत बसू शकत नाही. पण सारांशातल्या प्रत्येक वाक्यापाशी अस्सल कागदाचा पत्ता हवा. कुठल्या लॉगमधलं, कुठल्या तारखेचं, कुणी पाहिलेलं, आणि हे कारण म्हणून सिद्ध झालंय की नुसतं एकापाठोपाठ घडलंय. आणि काही हानी होईल अशी कृती करण्याआधी एजंटने बखर बाजूला ठेवून मूळ कागद उघडलाच पाहिजे. आमच्या गटातली माझी मुख्य मागणी हीच आहे. यामुळे एजंट थोडा हळू चालतो आणि खर्चही वाढतो. तो मला मान्य आहे.

इतिहासकारांकडून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे बनावट कागदाची भीती. वतनासाठी खोट्या सनदा तयार करणारे लोक होते, म्हणून शिक्का, अक्षर, कागद सगळं तपासायची पद्धत पडली. एजंटच्या वहीत कोण लिहू शकतं हा प्रश्न तसाच आहे. तक्रारीच्या ईमेलमध्ये कुणी मुद्दाम ‘यापुढे अमुक खात्याला पासवर्ड विचारू नये’ असं घुसडलं आणि एजंटने ते आठवण म्हणून साठवलं, तर पुढे कित्येक महिन्यांनी ते उगवेल. बाहेरून आलेला मजकूर वेगळा ठेवायचा आणि माणसाने पाहिल्याशिवाय त्याची आठवण होऊ द्यायची नाही, हा त्यावरचा साधा उपाय.

आणि काही आठवणी खोट्या नसतात, फक्त त्यांची मुदत संपलेली असते. याला आमचं बुकित पंजांगच साक्षीदार आहे. इथली चालकविरहित एलआरटी नोव्हेंबर १९९९मध्ये सुरू झाली तेव्हा तिला १४ स्टेशनं होती. त्यातलं टेन माइल जंक्शन जानेवारी २०१९मध्ये कायमचं बंद झालं, आता १३ उरली. २०१८चा नकाशा तेव्हा अगदी बरोबर होता. आज तो घेऊन निघालात तर नसलेल्या स्टेशनाची वाट बघत बसाल. शिवाय या मार्गाच्या नूतनीकरणाचं कंत्राट २०१८मध्ये दिलं गेलं आणि नव्या गाड्या २०२४पासून धावू लागल्या. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीची वही नव्या गाड्यांना तशीच लावून कसं चालेल? म्हणून प्रत्येक नोंदीत ‘हे कशामुळे खोटं ठरेल’ असा एक रकाना असावा, असं मी म्हणते.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात जवळचा मुद्दा. आमच्यासारख्या गटांत माणसं दोन-तीन वर्षांच्या करारावर येतात आणि जातात. जाताना डोक्यातलं सगळं घेऊन जातात. त्यामुळे एजंटला आठवण द्या, म्हणजे माणूस गेला तरी काम अडणार नाही, असं वरिष्ठांना वाटणं साहजिक आहे. मलाही ते पटतं, कारण मी आले तेव्हा मला ठिकठिकाणी ‘असं करू नका’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. का करू नका, हे विचारायला लिहिणारा इथे नव्हता.

पण गेल्या महिन्यात बैठकीत एक सूचना आली. कुठल्या माणसाच्या कुठल्या आज्ञेमुळे बिघाड झाला, हेही नावासकट एजंटच्या आठवणीत असावं, म्हणजे त्या माणसाने पुन्हा तशी आज्ञा दिली तर एजंट सावध होईल. तांत्रिकदृष्ट्या चूक काहीच नाही. मी विरोध केला. इथे आमच्यापैकी बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. कराराचं नूतनीकरण ठरताना कुणी एजंटला सहज विचारलं, ‘हिच्यामुळे किती वेळा बंद पडलं?’ तर तो क्षणात आकडा देईल. त्या रात्री दुसरं कुणी जागं नव्हतं म्हणून तिनेच सगळं हाताळलं होतं, हे त्या आकड्यात येणार नाही. तिथेही पीव्ही ४६ सुटेल आणि थांबलेल्या गाडीचं नाव लागेल.

शिवाय एकदा का लोकांना कळलं की वही म्हणजे आरोपपत्र आहे, की नोंदींत ‘कारण अज्ञात’ हे दोन शब्द वाढू लागतील. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगच्या पुस्तकात बिघाडानंतरच्या चौकशीवर एक प्रकरण आहे. अहवाल कुणावर ठपका न ठेवता लिहावा, असं त्यात आग्रहाने मांडलंय. माणसांसाठी जे खरं, ते माणसांनी सांगितलेल्यावर शिकणाऱ्या एजंटसाठीही खरंच आहे. भीतीपोटी लिहिलेल्या नोंदींवर वाढलेला एजंट कितीही हुशार असला तरी त्याला खरी कारणं कळणार नाहीत.

माझी पर्यायी सूचना अशी आहे: आठवणीत नावाऐवजी भूमिका लिहावी, नाव फक्त मूळ लॉगमध्ये कुलूपबंद राहावं, आणि ही वही कुणाच्या मूल्यमापनासाठी उघडू नये असा लेखी नियम असावा. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्यात. तिसरीवर अजून चर्चा चालू आहे.

माझा करार मार्चमध्ये संपतो. त्याआधी मला माहीत असलेलं सगळं लिहून द्यायचं आहे, आणि ते मी मन लावून लिहितेय. प्रत्येक नोंदीखाली तारीख, मूळ कागदाचा पत्ता आणि ती कधी रद्द समजावी तेही घालतेय. आतापर्यंत ६३ नोंदी झाल्यात. तिसरा नियम मान्य होईपर्यंत बिघाडांच्या नोंदी मात्र मी भूमिकेनिशीच देणार आहे, आणि तसं वरिष्ठांना लेखी कळवलंही आहे.

तुमच्याही सोसायटीत पाण्याचा पंप सांभाळणारं, कार्यालयात जुना सर्व्हर सांभाळणारं कुणीतरी असेलच. त्यांना एकदा विचारा, की ते जे ‘असं करू नका’ म्हणतात ते का, आणि कधीपासून. उत्तर लिहून ठेवा, तारखेसकट.